लोकप्रतिनिधींच्या कात्रणवह्या वाचनालयांत याव्यात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२५ सप्टेंबर २०२२ रोजी बॅरिस्टर नाथ पै यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि २१ जानेवारी २०२४ रोजी प्रा. मधु दंडवते यांच्या. दोघेही जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार. त्या मतदारसंघाने १९५७ ते १९९१ या काळात या दोघांखेरीज तिसरा खासदार दिल्लीला पाठवला नाही. शताब्दीच्या निमित्ताने भाषणे झाली, लेख आले, जुनी छायाचित्रे पुन्हा छापली गेली. हा मजकूर कोठून आला असेल, याचा विचार वाचक सहसा करीत नाहीत. काही भाग संसदेच्या छापील कामकाजातून येतो, काही सहकाऱ्यांच्या आठवणींतून येतो आणि उरलेला, बहुधा सर्वांत जिवंत असलेला भाग येतो तो कोणीतरी घरी चिकटवून ठेवलेल्या वृत्तपत्रीय कात्रणांतून. हे पत्र त्या कात्रणवह्यांविषयी आहे. ग्रंथालयाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे माझा जीव त्यांत अडकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लोकसभेत एखादा सदस्य काय बोलला हे शोधणे आता अवघड राहिलेले नाही. १९५२ पासूनचे लोकसभेतील वादविवाद संगणकावर पाहता येतात. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ खटल्याचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ रोजी लागल्यानंतर, मूलभूत हक्कांसह राज्यघटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी विधेयक नाथ पैंनी त्याच वर्षी मांडले. त्यावरची त्यांची बाजू, आक्षेप आणि उत्तरे हे सारे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. मात्र हेच विधेयक त्यांनी मालवण-कणकवलीच्या मतदारांना कोणत्या शब्दांत समजावून सांगितले असेल, परळ-लालबागच्या एखाद्या सभागृहात चाकरमान्यांपुढे त्याविषयी ते काय बोलले असतील, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात असण्याचे कारण नाही. असलीच तर ती त्या आठवड्याच्या स्थानिक पत्राच्या एखाद्या रकान्यात. त्या पत्राचे जुने अंक छापखान्याबरोबर नाहीसे झाले असतील, तर तो रकाना आज फक्त एखाद्याच्या घरातल्या वहीत उरलेला असू शकतो. १८ जानेवारी १९७१ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते बेळगावी गेले. ज्याला आत्मचरित्र लिहिण्याइतके आयुष्य मिळाले नाही, अशा माणसाच्या बाबतीत तर या कात्रणांचे मोल अधिकच वाढते.

खासदारांचे नाव निदान ग्रंथांत राहते. जिल्हा परिषदेचे सदस्य, सभापती, नगराध्यक्ष, एकदा किंवा दोनदा निवडून आलेले आमदार, यांच्या बाबतीत तेवढेही होत नाही. गावात बंधारा कोणाच्या काळात झाला, हायस्कूलला मान्यता कोणी मिळवली, बंदरावरची जेटी किती वर्षे रखडली, हे सांगणारा कागद म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या घरची कात्रणवहीच असते.

अशा वह्या मी पुष्कळ हाताळल्या आहेत, आणि त्या ठेवणारी माणसे नेत्यांपेक्षा मला अधिक विलक्षण वाटत आली आहेत. कधी तो पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता असतो, कधी स्वीय सहायक. मात्र बहुसंख्य वेळा ती त्या घरातील बाई असते. पत्नी, बहीण किंवा सून. मुंबईचे वर्तमानपत्र एसटीने येई, ते घरातल्या सर्वांचे वाचून झाल्यावर दुपारी कात्री चाले. मुंबईतले नातेवाईक पाकिटातून कात्रणे पाठवीत. वही म्हणून जुनी खतावणी, मुलांची चित्रकलेची वही, शासनाची कालबाह्य झालेली दैनंदिनी, जे हाताशी असेल ते चाले. इतक्या वर्षांच्या या उद्योगाचे श्रेय कोणाला म्हणून मिळत नाही. ज्या बाईने हजार कात्रणे चिकटवली तिचे नाव त्या हजारांपैकी एखाद्याच बातमीत, तेही ‘सौ.’ लावून व्यासपीठावरील उपस्थितांच्या यादीच्या शेवटी, सापडते. वाचनालयाने अशी वही स्वीकारताना पहिल्या पानावर ती कोणी सिद्ध केली हे नाव ठळक लिहावे, असा माझा आग्रह आहे.

या वह्यांतील सर्वांत मोठा दोष मात्र याच निष्ठेतून येतो. ज्याने कात्रण कापले त्याला दिवस, वर्तमानपत्र आणि प्रसंग सगळे तोंडपाठ असते, म्हणून तो काहीच लिहीत नाही. बातमीभोवतीचा समास नीट कापून टाकला जातो आणि त्या समासाबरोबर दिनांक जातो, अंकाचे नाव जाते, पानाचा क्रमांकही जातो. उरते ते ‘काल येथे झालेल्या विराट सभेत’ हे वाक्य. काल म्हणजे कोणत्या वर्षातला काल, आणि येथे म्हणजे सावंतवाडी की रत्नागिरी, हे सांगणारा माणूस गेला की ते कात्रण मुके होते. वर्ष ठरवायला कधीकधी मागची बाजू उपयोगी पडते. तिथे एखाद्या निविदेची सूचना असते, चित्रपटगृहाची जाहिरात असते, सोन्याचे भाव असतात, पंचांगातील तिथी असते. एवढ्या आधारावर अनुभवी ग्रंथपाल तारीख जवळपास नेमकी काढू शकतो. परंतु आपल्याकडे कात्रणाच्या पूर्ण पाठीला खळ फासून ते वहीत बसवण्याची पद्धत आहे. त्यामुळे तोही मार्ग बंद होतो. कात्रणाची फक्त एक कड चिकटवावी, म्हणजे ते उलटून पाहता येते.

कोकणात यात आणखी एक गुंता आहे, आणि तो बाहेरच्या अभ्यासकाच्या लवकर लक्षात येत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कात्रणात कुडाळ, वेंगुर्ले, देवगड ही सारी गावे ‘रत्नागिरी जिल्ह्यातील’ म्हणून येतात. त्याच वर्षी, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. तेव्हा अलिबागच्या राजकारणावरील जुने कात्रण ‘कुलाबा’ या नावाखाली शोधावे लागते. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले तेही कुलाब्यातूनच, आणि आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे नाव वाचून दक्षिण मुंबईच आठवणार. राजापूर लोकसभा मतदारसंघ तर मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर उरलेलाच नाही. २००९ पासून तेथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. पक्षांचेही तेच. प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, जनता पक्ष, जनता दल अशी नावे एकाच माणसाच्या एकाच वहीत ओळीने येऊ शकतात आणि माणूस मात्र जागेवरच उभा असतो. म्हणून वहीच्या आरंभी त्या व्यक्तीचा चार ओळींचा कालपट, म्हणजे जन्म, पहिली निवडणूक, पक्ष, पदे आणि त्या वेळचे मतदारसंघाचे नाव, एवढे असलेच पाहिजे.

आता एकांगीपणाविषयी. घरी ठेवलेल्या वहीत पराभवाची बातमी क्वचितच सापडते. सापडली तरी ‘निसटता पराभव’ अशी, चौकटीत आणि एकदाच. विरोधकांनी केलेले आरोप, संपादकीयातून ओढलेले कोरडे, रस्त्याच्या निकृष्ट कामावरचे वाचकांचे पत्र, यांतले काही चिकटवले जात नाही. हे स्वाभाविक आहे, कारण प्रेमाने ठेवलेली वस्तू न्यायासनासारखी वागावी ही अपेक्षाच चूक आहे. पण त्या वहीवरून चरित्र लिहायला बसणाऱ्याने हे विसरू नये, आणि आज वही करायला घेणाऱ्याने तर ही सवय मोडावीच.

या बाबतीत एक परदेशी उदाहरण मला नेहमी सांगावेसे वाटते. अमेरिकेत १८५८ मध्ये इलिनॉय राज्यातून सिनेटवर जाण्यासाठी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात जाहीर वादसभा झाल्या. ती जागा अखेर डग्लस यांना मिळाली. लिंकन यांनी त्या वादसभांच्या वृत्तांतांची कात्रणे जमवून वही केली. ती करताना स्वतःची भाषणे त्यांनी आपल्या बाजूच्या शिकागोतील वृत्तपत्रातून घेतली आणि डग्लस यांची भाषणे डग्लस यांच्या बाजूच्या वृत्तपत्रातून. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या मित्राने नोंदवलेले शब्द मिळाले, आणि शत्रूने आपले म्हणणे विपर्यस्त केले अशी तक्रार करायला जागा उरली नाही. श्रोत्यांच्या टाळ्यांचे आणि घोषणांचे उल्लेखही त्यांनी गाळायला लावले. त्या वहीवरून १८६० मध्ये पुस्तक छापले गेले, त्याच वर्षी लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि ती वही आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहे. आपल्याकडच्या वह्यांत नेमके ‘टाळ्यांचा कडकडाट’ हे शब्द लाल शाईने अधोरेखित केलेले असतात, हे मी थोड्या खेदाने नमूद करतो.

लिंकन यांची ही शिस्त कोकणाला विशेष लागू पडते, कारण येथील राजकारण आणि येथील वृत्तपत्रे यांचे नाते पहिल्यापासून जवळचे आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांच्या दीर्घ संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केले. खोतांच्या जमीनदारीच्या, म्हणजे खोतीच्या, प्रश्नावर कुळांची बाजू घेणारे हे पत्र कुळांच्याच पुढाऱ्याने चालवलेले होते. त्यात छापलेला सभेचा वृत्तांत आणि त्याच सभेचा मुंबईच्या एखाद्या दैनिकातील वृत्तांत हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तरच अभ्यासकाला काही हाती लागते. यांपैकी एकच ठेवणाऱ्याने निदान ते कोणत्या पत्रातले आहे हे तरी लिहून ठेवावे. पत्राचे नाव कळले की त्याचा कल कळतो आणि मग एकांगी कात्रणसुद्धा उपयोगी पुरावा होते.

कात्रणवहीत जे नाही तेही कधीकधी बोलते. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तिथेच त्यांना अटक झाली. पुढे त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही येरवड्याच्या तुरुंगात नेण्यात आले. त्या काळात वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण होते. विरोधी नेत्यांच्या अटकेच्या बातम्या देण्यास मनाई होती. त्यामुळे त्या काळातील कोणत्याही विरोधी पक्षनेत्याची कात्रणवही उघडली तर जून १९७५ नंतर ती ओसाड पडते आणि १९७७ च्या आरंभी एकदम भरू लागते. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्या मुलाला वाटेल की वही ठेवणारा आजारी पडला असावा, किंवा नेताच राजकारणातून बाजूला झाला असावा. अशा ठिकाणी एक कोरे पान सोडून त्यावर ‘या अवधीत अमुक कारागृहात स्थानबद्ध, बातम्यांवर नियंत्रण’ एवढी हस्ताक्षरातील ओळ लिहिली गेली पाहिजे. त्या काळातले तुरुंगातून आलेले पत्र वा पाकीट घरात असेल तर त्याची जागाही तीच.

आणि काही गोष्टी केवळ वहीतच दिसतात, सुट्या अंकात दिसत नाहीत. कोकण रेल्वेचेच पाहा. मागणीचे ठराव, सर्वेक्षणाच्या घोषणा, अर्थसंकल्पानंतरची निराशा, निवडणुकीपूर्वीची आश्वासने, १९९० मध्ये महामंडळाची स्थापना आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्यांचा आरंभ. यांतील प्रत्येक बातमी त्या त्या दिवशी वाचली की विसरली जाते. पण एकाच वहीत ती ओळीने वाचली की कोण किती वर्षे एकच वाक्य बोलत होता, कोणाचे वाक्य सत्तेवर गेल्यावर बदलले आणि कोणी शेवटच्या दोन वर्षांत येऊन श्रेयाची कमान उभी केली, हे लपत नाही. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात, आणि १९७७ च्या अखेरीस मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू झाली तीही. कोकणाबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द म्हणजे हे दोन निर्णय, तर कोकणातल्या वहीत त्याच दोन वर्षांत ‘आमची गाडी कधी?’ असे विचारणारी पत्रे असणार. दोन्ही खरे आहे. लोकप्रतिनिधीची कारकीर्द समजून घ्यायची तर दिल्लीतील कात्रण आणि तालुक्यातील कात्रण एकत्र लागते.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा उल्लेख येथे केवळ नोंदीपुरता करतो. २००९ च्या निवडणुकांनंतर या प्रकाराची देशभर चर्चा झाली आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. वाढदिवसाच्या पुरवण्या, शुभेच्छांची पानभर चौकट आणि बातमी यांतला फरक वहीत चिकटवताना नाहीसा होतो. ‘जाहिरात’ हा बारीक शब्द कात्रीने उडवू नये, एवढेच मागणे.

जतनाचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर इतरांपेक्षा बिकट आहे. ‘दर्पण’च्या काळात, म्हणजे १८३२ च्या सुमारास, कागद चिंध्यांच्या लगद्यापासून होई आणि तो आजही टिकतो. त्यानंतर लाकूड दळून केलेल्या लगद्याचा वृत्तपत्री कागद आला. लाकडातील लिग्निन त्यात राहून जाते, प्रकाश आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढत जाते आणि तो ठिसूळ होतो. हे आम्ल शेजारच्या कागदातही उतरते. म्हणूनच कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग समोरच्या पानावर उमटलेला दिसतो. त्यात आपले चार महिन्यांचे पावसाचे दिवस. भिंतीला ओल, हवेत खारा दमटपणा, कपाटाला बुरशी, कागदात कसर आणि कपाटाच्या पायाशी वाळवी. टाचणी आणि स्टेपलरची पिन समुद्रालगतच्या गावात एका पावसाळ्यात गंजते आणि कात्रणाला भोक पाडते.

लोक जे उपाय करतात त्यांतले पुष्कळसे अपायकारक आहेत. चिकटपट्टी काही वर्षांत तपकिरी होते, तिचा डिंक पाझरतो आणि अक्षरे खातो. खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी पद्धत किडीला दूर ठेवते, पण तांब्याच्या क्षारामुळे कागद लवकर करपतो. फेव्हिकॉलने लावलेले कात्रण पुढे न फाडता सोडवता येत नाही. सर्वांत वाईट म्हणजे प्लॅस्टिकचे लॅमिनेशन. उष्णतेने आधीच अशक्त असलेला कागद त्यात कायमचा कोंडला जातो, आतले आम्ल आपले काम करीतच राहते आणि कोणताही तज्ज्ञ त्याला पुन्हा बाहेर काढू शकत नाही. डांबराच्या गोळ्यांनी किडा पळाला तरी बुरशी जात नाही. याउलट साध्या पिठाची पातळ, ताजी खळ एका कडेला लावणे, आम्लविरहित जाड कागदाची वही वापरणे, ती उभी न ठेवता आडवी ठेवणे, बाहेरच्या भिंतीपासून आणि कौलाखालच्या माळ्यापासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवणे आणि दसरा झाल्यावर कोरड्या हवेत, पण उन्हाबाहेर, पाने उलगडून पाहणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे. प्रत्येक कात्रणाची चांगल्या कागदावर एक छायाप्रत काढून घेतली तर वाचणाऱ्याने छायाप्रत हाताळावी आणि मूळ कात्रण विश्रांती घेत राहावे.

एवढे करूनही घर ही सुरक्षित जागा नव्हे. नेता गेला की वह्या कपाटातून माळ्यावर जातात, मुले मुंबई-पुण्यास स्थायिक होतात, घर बंद राहते, आणि घराची दुरुस्ती निघाली की ‘जुनी रद्दी’ म्हणून जे पहिल्यांदा बाहेर पडते त्यात त्या असतात. म्हणून त्या वेळीच वाचनालयात आल्या पाहिजेत. या किनाऱ्याला वाचनालयांची वाण नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ चे. यांतल्या प्रत्येकाने आपल्या परिसरातील राजकारणाची तीन-चार पिढ्यांची ये-जा पाहिली आहे. तरीही कात्रणवही घेऊन गेलेल्या माणसाला वाचनालयातून अनेकदा नम्र नकार मिळतो, हे मी याच व्यवसायातला असल्याने सांगू शकतो. त्यामागे अनास्थेपेक्षा अडचण अधिक असते. कात्रणवही हे पुस्तक नव्हे, तिला किंमत नाही, ती दाखल नोंदवहीत कशी नोंदवायची हे कोणी शिकवलेले नसते. शासनाच्या अ, ब, क, ड वर्गवारीसाठी ग्रंथसंख्या विचारली जाते, वह्यांची संख्या विचारत नाहीत. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक तालुका वाचनालयाने ‘स्थानिक संग्रह’ असे एक कपाट वेगळे करावे, त्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि ग्रंथालय संचालनालयाने वार्षिक अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी एक रकाना द्यावा. पक्ष पाहून वही घेऊ वा नाकारू नये, हे वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरावाने नोंदवून ठेवलेले बरे, कारण कार्यकारिणीतही राजकारण असतेच.

मात्र वाचनालयात आली म्हणजे सुटली असेही नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तेथील वाचन मंदिराचीही मोठी हानी झाली. २००५ च्या पुरानेही ते सोडले नव्हते. त्यापूर्वी जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील शेकडो घरांची छपरे उडवली होती. पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी असते, कात्रणवहीची नसते. तेव्हा तिची संगणकीय प्रत दुसऱ्या गावी असायलाच हवी. यासाठी मोठा प्रकल्प, मोठे अनुदान आणि मोठे उद्घाटन यांची वाट पाहण्याचे कारण नाही. साधा सपाट स्कॅनर, दर इंचाला निदान तीनशे बिंदूंची घनता, प्रत्येक पानाची एक फाइल आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वृत्तपत्राचे नाव एवढी शिस्त पाळली, तर महाविद्यालयातील मराठीचे आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी दोन सुट्ट्यांत एका तालुक्याचे काम उरकतील. देवनागरी मजकूर ओळखणारी प्रणाली आता उपलब्ध आहे. जुन्या, पुसट खिळ्यांच्या छपाईवर ती अडखळते, पण नावाने शोध घेण्याइतके काम होते.

कोणी म्हणेल की कायद्यानेच वृत्तपत्रांच्या प्रती ग्रंथालयांत जातात, मग ही खटपट कशाला? पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ चा आहे, १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रेही आली आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातील चार ग्रंथालयांना अंक पाठवणे बंधनकारक झाले. परंतु चार पानी साप्ताहिक चालवणारा, स्वतःच बातमीदार, जुळारी आणि टपाल्या असलेला तालुक्यातील संपादक हे सगळे अंक नियमाने पाठवीत होता, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आणि पाठवलेले असले तरी दोडामार्गच्या विद्यार्थ्याने गावच्या सभापतींची बातमी पाहायला मुंबईस जावे का?

सध्या वही करणाऱ्यांची जात संपत आली आहे. तिची जागा भ्रमणध्वनीवरील चित्रांनी घेतली आहे. कार्यकर्ता ई-पेपरमधून साहेबांचे छायाचित्र तेवढे कापतो, समूहावर टाकतो आणि नवा फोन घेतला की सारे पुसले जाते. दिनांक कापण्याची जुनी खोड या नव्या साधनातही जशीच्या तशी आली आहे. ई-पेपरचे जुने अंक संकेतस्थळावर किती दिवस राहतील हे मालकाच्या मर्जीवर असते. म्हणून महत्त्वाचे पान दिनांकासह पूर्ण उतरवून घ्यावे आणि छापूनही ठेवावे.

शेवटी आपल्याकडे मागणे आहे, आणि ते दुहेरी आहे. पहिले परवानगीचे. कात्रणे ज्या वृत्तपत्रांतील आहेत त्यांचा मजकुरावर हक्क असतो. वाचनालये संगणकीय प्रती करून अभ्यासकांना दाखवायला कचरतात ते यामुळेच. आपल्या पत्रातील जुनी कात्रणे सार्वजनिक वाचनालयांनी जतनासाठी आणि अभ्यासासाठी वापरण्यास आमची हरकत नाही, असे चार ओळींचे निवेदन आपण छापले तर कोकणातील इतर संपादकांनाही तसे करावेसे वाटेल. ६ जानेवारीला, आद्य पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या पोंभुर्ल्यापासून प्रत्येक तालुक्यापर्यंत कार्यक्रम होतात. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर वाचनालयांनी कात्रणवह्या स्वीकारण्याचे टेबल मांडले तर एका वर्षात पुष्कळ काम होईल.

दुसरे मागणे आपल्याच दप्तराविषयी. आपल्या कार्यालयात बांधून ठेवलेल्या अंकांचे कोणते महिने, कोणती वर्षे उपलब्ध नाहीत, याची यादी कृपया प्रसिद्ध करावी. कोणाच्याही संग्रहात अशा फटी असतात, त्यात कमीपणा काही नाही. त्या महिन्यांतील कात्रणे कोणाच्या वहीत आहेत हे मग आपले वाचकच कळवतील, आणि ती परत मिळवण्याच्या कामी आमच्यासारखे निवृत्त ग्रंथपाल विनामूल्य येऊन बसायला तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग